येऊ घातलेलं फार, आलेलं थोडं

बुलढाणा जिल्ह्यात 'येऊ घातलेलं' फार आहे. खामगाव-जालना रेल्वे येऊ घातली आहे, तीही इंग्रजांच्या काळापासून. समृद्धी महामार्गाच्या कडेला नवनगरं येऊ घातली आहेत. शेतमालाचा ऑनलाइन लिलाव 2016 मध्ये आला, पण तो अजून येतोच आहे. आता या यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. घोषणा झाली की फलक लागतात, सत्कार होतात, दैनिकांच्या पुरवण्या निघतात. चिखली-मेहकरच्या अडत दुकानात मात्र तीच गादी, तेच बिलबुक आणि तोच मुनीम.

धंद्यातल्या बदलाची भाषा प्रत्यक्ष बदलाच्या एवढी पुढे का पळते, याचं ठरलेलं उत्तर आपल्याकडे तयार असतं: शेतकरी जुन्या वळणाचा, व्यापारी चलाख, सरकारी यंत्रणा सुस्त. हे उत्तर मला पटत नाही. कारण याच माणसांनी काही बाबतींत एका पिढीत आपला सगळा व्यवहार उलटापालटा केला आहे, आणि त्यासाठी कुणाला परिषदा घ्याव्या लागल्या नाहीत. कोणता बदल बोलण्यातच राहिला आणि कोणता न बोलता होऊन गेला, हे शेजारी ठेवून पाहिलं तर उत्तर वेगळं निघतं.

सुरुवात जुन्यापासून करू. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी गेली, तेव्हा कापसाची मोठी पेठ असलेलं खामगाव काही मैलांनी बाजूला राहिलं. मग जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा टाकला गेला. 1870 च्या मार्चमध्ये तो सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात आला होता. गाठी बांधायचे वाफेचे प्रेस त्याच सुमाराला उभे राहिले. दहाएक वर्षांत बैलगाडीच्या तांड्यांचा व्यापार रेल्वेच्या वाघिणीत गेला. बदलाचा वेग म्हणायचा तर हा.

पण त्याच काळात, त्याच साहेबांची दुसरी एक मोहीम चालू होती आणि ती साफ फसली. वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी कापूस आयुक्त नेमला होता, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. चांगल्या जातीचा कापूस पिकवा, बियाणं निवडून ठेवा, स्वच्छ वेचा, भेसळ करू नका, असा उपदेश या खात्याकडून सतत होत असे. मुंबई सरकारने तर 1863 मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच केला होता. वऱ्हाडात तेव्हा 'बनी' नावाची तलम, लांब धाग्याची जात होती आणि ती टिकावी, वाढावी असा सरकारचा आग्रह होता. झालं उलटं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बनी मागे पडत गेली आणि 'जरी' नावाच्या जाडसर, आखूड धाग्याच्या कापसाने शिवारं भरली. साहेबाने दोष शेतकऱ्याच्या अज्ञानाला दिला. शेतकऱ्याचं गणित मात्र चोख होतं. जरीचं पीक जास्त येई, सरकी काढल्यावर रुईचा उतारा जास्त पडे, आणि बाजारात बनीला मिळणारा वरचा भाव ही तफावत भरून काढण्याइतका नव्हता. चांगल्या धाग्याचा फायदा गिरणीला, त्याची किंमत मोजायची शेतकऱ्याने.

हे उदाहरण दीडशे वर्षांपूर्वीचं असलं तरी आजचं वाटतं, कारण तोच प्रयोग आपण पुन्हा करतो आहोत. ऑक्टोबर 2020 मध्ये भारतीय कापसाला 'कस्तुरी' हे नाव आणि बोधचिन्ह मिळालं. गाठीवर क्यूआर कोड, गाठ कुठल्या जिनिंगमधून आली त्याचा माग, परदेशी ग्राहकाला शुद्धतेची हमी, अशी कल्पना. चांगलीच आहे. आता ती शेतातून पाहू. कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते. तिच्या कमरेच्या ओट्यात बोंडाबरोबर पाचोळा आला तर तिचं वजन वाढतं, घटत नाही. ओटा खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्यात रिकामा होतो, आणि त्या पोत्याचे धागे कापसात जातात. रुईत मिसळलेला हा एक धागा पुढे सुतात, कापडात जातो आणि रंग घेत नाही, म्हणून गिरणीवाला वैतागतो. स्वच्छ वेचायला सांगायचं तर मजुरी वाढवून द्यावी लागते, सुती कापडाची झोळी द्यावी लागते. एवढं करून शेतकरी खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर गेला तर तिथे पोत्यात हात घातला जातो, मूठ दाबून ओलावा अजमावला जातो आणि गावात चालू असलेला भावच हातावर ठेवला जातो. सगळा माल एका भावाने. मग स्वच्छ वेचणीचं प्रशिक्षण घेऊन आलेला शेतकरी पुढच्या हंगामात पुन्हा खताचीच पोती काढतो. तो प्रशिक्षण विसरलेला नसतो. हिशेबपट्टीवर त्याचे पैसे दिसले नाहीत, इतकंच.

हीच गाठ ऑनलाइन लिलावातही आहे आणि तिथे ती जरा सोडवून पाहायला हवी, कारण या विषयावर बोललं सगळ्यात जास्त गेलं आहे. ऑनलाइन लिलावाचं ई-नाम हे व्यासपीठ 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालं. राज्यातल्या शंभराहून जास्त बाजार समित्या त्यात जोडल्या गेल्या. कागदावरची पद्धत अशी: फाटकावर गाडीची नोंद, ढिगाला लॉट नंबर, प्रयोगशाळेत नमुन्याची तपासणी, मग देशातल्या कुठल्याही व्यापाऱ्याने मोबाइलवरून बोली लावायची, सर्वाधिक बोलीला शेतकऱ्याने होकार द्यायचा, वजन, आणि पैसे थेट खात्यात. प्रत्यक्षात दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची आवक तुटून पडते तेव्हा अनेक यार्डांत दिसतं ते असं. ढिगांच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका पुढे सरकतो, बरोबर अडत्या आणि समितीचा माणूस. एकजण मूठभर दाणे उचलतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो. ओलावा, डागी दाणा, माती, काडीकचरा यांचा हिशेब त्याच्या डोक्यात तिथेच होतो. हर्रास पुकारला जातो, मिनिटभरात भाव फुटतो, घोळका पुढच्या ढिगावर. संगणकातली नोंद नंतर होते, ठरलेल्या भावानेच. ऑनलाइन व्यवहाराचा आकडा वाढतो आणि व्यवहार होता तिथेच राहतो.

यात कुणी खलनायक शोधायची गरज नाही. अडत्या नेमकं काय करतो ते पाहिलं म्हणजे उलगडा होतो. जूनमध्ये शेतकऱ्याला बी-भरणासाठी उचल देतो. मालाची प्रत डोळ्यांनी ठरवतो. व्यापारी बुडाला तर शेतकऱ्याचे पैसे आपल्या गल्ल्यातून चुकते करतो, निदान तशी अपेक्षा असते. वाद झाला तर दोन्हीकडच्यांना ओळखत असल्याने मिटवतो. म्हणजे तो एकाच वेळी सावकार, परीक्षक, जामीन आणि पंच. ई-नामने यातलं फक्त बोली लावण्याचं काम मोबाइलवर नेलं. दूरच्या लातूर किंवा इंदूरच्या खरेदीदाराने खामगावातला ढीग न बघता घ्यायचा तर प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर त्याचा भरवसा बसायला हवा, आणि माल पोचल्यावर प्रत कमी निघाली तर भरपाई कोण देणार, हे ठरलेलं हवं. ते कुणी नीट ठरवलं नाही. ठरवणं अवघडही होतं. ॲप बनवणं त्या मानाने सोपं.

पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने 1990 मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात विजेच्या बाबतीत हेच दाखवलं आहे. एडिसनची वीजकेंद्रं 1882 मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कला सुरू झाली, पण अमेरिकी कारखान्यांच्या उत्पादकतेत तिचा खरा परिणाम दिसायला 1920 चं दशक उजाडलं. मधली चाळीस वर्षं काय झालं? कारखानदारांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवली आणि छताखालचा तोच लांब दांडा, तेच पट्टे, यंत्रांची तीच दाटीवाटी कायम ठेवली. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन इमारतीचीच मांडणी बदलली तेव्हा कुठे फरक पडला. आपल्या जुन्या जिनिंगमध्ये एका दांड्यावर पट्ट्यांनी फिरणारी रेच्यांची, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांची, रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ई-नाम ही जुन्या दांड्याला जोडलेली नवी मोटर आहे.

आता उलट बाजू. सोयाबीन. तीसएक वर्षांपूर्वी या जिल्ह्याच्या खरिपात ज्वारी-कपाशीचं राज्य होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून जेएस-335 ही जात 1994 च्या सुमाराला आली, गावोगाव नुसती 'तीनशे पस्तीस' म्हणून ओळखली गेली, आणि घाटावरच्या तालुक्यांत तर शिवारंच्या शिवारं तिने व्यापली. जिल्ह्याचं अर्थकारण, घरातलं धान्य, बैलांचा चारा, मजुरीचे दिवस, सगळं बदललं. यातलं सगळंच चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. ज्वारी गेली, कडबा गेला, कडब्याबरोबर गोठेही ओस पडले. पण बदल झाला, आणि जोरात झाला. साडेतीन महिन्यांत पीक हातात, वेचणीची कटकट नाही, मळणीयंत्र आलं की एका दिवसात कट्टे भरून तयार, दिवाळीआधी नगदी पैसा, आणि रान मोकळं झाल्यावर हरभरा. ज्याने पेरलं त्यालाच, त्याच वर्षी, फायदा. त्याला कुणाचा भरवसा धरून थांबायचं नव्हतं.

बुलडाणा अर्बनची गोष्टही याच जातीची आहे. 1986 मध्ये राधेश्याम चांडक यांनी 72 सभासद आणि 12 हजार रुपयांच्या भांडवलावर ही पतसंस्था सुरू केली आणि आज ती देशातल्या सर्वांत मोठ्या सहकारी पतसंस्थांत गणली जाते. आकाराचं कौतुक पुरेसं झालं आहे, मला त्यातली एक युक्ती महत्त्वाची वाटते. संस्थेने गोदामं बांधली, शेतकऱ्याने माल तिथे ठेवायचा आणि त्या पावतीवर कर्ज घ्यायचं. तारणाची कल्पना नवी नव्हती. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून चालू आहे, तीत मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. पण दिवाळीच्या तोंडावर ज्याला दोन दिवसांत पैसे हवे आहेत, त्याच्या लेखी व्याजाचा दर दुय्यम असतो. गोदामात पोतं उतरलं आणि खात्यात पैसे आले, हे जिथे लगेच घडतं तिथे तो जातो. याच जिल्ह्यात दुसरीकडे जिल्हा मध्यवर्ती बँक अशी खोल गेली की 2012 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला परवाना नाकारला, आणि केंद्र, राज्य व नाबार्डच्या मदतीने तिला पुन्हा उभं करावं लागलं. सहकाराच्या भाषणांत तोवर कधी खंड पडला नव्हता. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखानाही असाच भाषणांच्या काळात उभा राहिला आणि बंद पडला. त्याबद्दल अधिक न लिहिलेलं बरं.

तिसरं उदाहरण देऊळगाव राजा आणि सिंदखेडराजा परिसरातल्या शेडनेटचं. पलीकडे जालना आहे, आणि 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तिथे महिकोची सुरुवात केल्यापासून बियाण्यांच्या धंद्याचा पसारा आसपासच्या गावांत झिरपत आला. पांढऱ्या-हिरव्या जाळीखाली टोमॅटो, मिरची, ढोबळी, काकडी यांचं संकरित बियाणं तयार होतं. टोमॅटो-मिरचीत बायका एकेका कळीतले पुंकेसर चिमट्याने काढतात, मग दुसऱ्या जातीचा पराग लावतात, खूण म्हणून दोरा बांधतात. याला गावात 'क्रॉसिंग' म्हणतात, आणि चांगला हात असलेल्या बाईला रोज जास्त मिळतो. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या अनुदानाने शेडनेट वाढली हे खरं, पण धंद्याची बैठक त्याआधीच जमलेली होती. इथला अडथळाही गावकऱ्यांना तोंडपाठ आहे: बियाणं दिल्यानंतर त्याची शुद्धता तपासायला रोपं लावून पाहतात, त्या चाचणीचा निकाल येईस्तोवर पैसे अडकतात, आणि नापास झालं तर हंगाम वाया. या चाचणीवर त्रयस्थ देखरेख असावी, एवढ्या साध्या मागणीवर मात्र कुठे परिषद भरल्याचं ऐकिवात नाही.

महामार्गालाही न्याय द्यायला हवा. 2015 मध्ये समृद्धीची घोषणा झाली तेव्हा हेही नुसतं बोलणंच, असं म्हणणारे पुष्कळ होते. 701 किलोमीटरचा रस्ता झाला. नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला उघडला, शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून तो जातो. म्हणजे मोठं बोलणं नेहमीच पोकळ असतं असं नाही. ज्या कामाला एकच मालक, एकच निधी आणि मोजता येणारी लांबी असते, ते बोलल्याप्रमाणे होऊ शकतं. पण रस्त्याबरोबर बोललं गेलं होतं ते बरंच जास्त. मेहकरजवळ आणि सिंदखेडराजाच्या बाजूला कृषी समृद्धी केंद्रं, तिथे शीतगृहं, प्रक्रिया उद्योग, नोकऱ्या. त्यासाठी शेकडो जमीनमालकांची संमती, उद्योजकांची इच्छा, पाणी, वीज आणि बाजार असं सगळं एकाच वेळी जुळावं लागतं. ते रेंगाळलं. आणि एक बारकी गोष्ट: या महामार्गावर ट्रॅक्टर आणि तीनचाकी चालत नाहीत. शेतकरी ज्या वाहनांतून बाजाराला जातो, त्यांनाच तिथे मज्जाव. समृद्धीने अंतर कमी केलं ते ट्रकवाल्याचं.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचं थोडक्यात सांगतो. 2002 च्या कायदादुरुस्तीने त्या शक्य झाल्या, 2020 मध्ये दहा हजार कंपन्यांची केंद्रीय योजना आली. संख्येचं लक्ष्य दिलं की संख्या भरते. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच कंपन्या हमीभाव खरेदीच्या कमिशनवर आणि अनुदानाच्या अवजारांवर तग धरून आहेत. ज्या दोन-चार खरा व्यापार करतात, त्यांच्या संचालकांना व्यासपीठावर जायला सवड नसते.

तर मग बोलणं पुढे का पळतं? माझं मत असं झालं आहे की बोलण्याचा मोबदला बोलल्याच्या दिवशीच मिळतो, आणि बदलाचा खर्च दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर, पुढच्या हंगामात पडतो. मंत्र्याला घोषणेची बातमी मिळते, अधिकाऱ्याला उद्दिष्टपूर्तीचा अहवाल, सल्लागाराला फी, कंपनीला शेअरबाजारात सांगायला गोष्ट, आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांना विषय. 2018 च्या 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'मध्ये 12 लाख कोटींवर सामंजस्य करार झाले. सामंजस्य करार मोडल्याबद्दल कुणाला दंड होत नसतो, त्यामुळे आकडा मोठा सांगण्यात कुणाचं काही जात नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं उदाहरण इथे आठवतं. तो धंदा नव्हे, पण तिथली स्वच्छता आणि गर्दीचं नियोजन पाहायला लोक लांबून येतात, आणि ते घडवणारे शिवशंकरभाऊ पाटील आयुष्यभर प्रसिद्धीपासून चार हात दूर राहिले. त्यांना कुणाकडे अहवाल पाठवायचा नव्हता.

उलट, पैशाला थेट जोडलेला बदल कितीही कटकटीचा असो, लोक करतात. 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी आली तेव्हा सर्व्हरच्या नावाने गावोगाव शिव्या होत्या. तरी शेतकऱ्याने बांधावर उभं राहून फोटो काढले, कारण नोंद नसेल तर हमीभावाने विक्री अडते. 2025 मध्ये कापूस महामंडळाने 'कपास किसान' ॲपवर नोंदणी सक्तीची केली. आयात शुल्क उठल्याने बाजार पडलेला, लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 8,110 रुपये. ज्याच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्याने शेजारच्या कॉलेजातल्या पोराला गाठलं आणि नोंदणी करून घेतली. तंत्रज्ञानाची भीती वगैरे काही आड आली नाही.

आता राज्याने 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं आहे, पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटींची तरतूद आहे. त्यातून हवामानाचे सल्ले, ड्रोन, चॅटबॉट असं बरंच निघेल. माझ्या मते बुलढाण्यासाठी त्यातलं एकच काम तातडीचं आहे: यार्डाच्या फाटकावर सोयाबीनच्या नमुन्याचा फोटो आणि ओलावा घेऊन दोन मिनिटांत प्रत सांगणारं यंत्र. अशी यंत्रं बनतात, ती काही स्वप्नातली नाहीत. पण ती प्रत शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर छापायची सक्ती असेल का, व्यापाऱ्याने ती नाकारली तर त्याच दिवशी निवाडा कोण देईल, आणि दूरच्या खरेदीदाराला माल कमअस्सल निघाला तर भरपाई कुठल्या निधीतून जाईल, या तीन ओळी धोरणाच्या अंमलबजावणीत कुठे लिहिल्या जातात ते पाहायचं. जून उजाडायच्या आत त्या लिहिल्या गेल्या, तर येत्या दसऱ्याच्या आवकेला त्यांची परीक्षा होऊ शकते. तोवर समित्यांच्या व्यापाऱ्यांशी बोलणी करावी लागतील, आणि ती सोपी असणार नाहीत.